सहा रात्री आणि एक वाजणारा कान

अण्णाचा डावा कान गेली अकरा वर्षं वाजतोय. बारीक, उंच, न थांबणारी शिट्टी. जुना टीव्ही चालू करून त्याचा आवाज बंद केला की खोलीत एक सूर भरून राहायचा ना, तसा, असं तो सांगतो. हॉस्टेलच्या बँडमध्ये तो बास गिटार वाजवायचा. जागा इतकी अपुरी की ड्रमरच्या झांजेपासून हातभर अंतरावर उभं राहावं लागायचं, डावा कान झांजेकडे. नोकरी लागल्यावरही शनिवार-रविवार वाजवत राहिला. मग एका कार्यक्रमानंतर शिट्टी सुरू झाली ती सकाळी थांबली नाही, आठवड्याने थांबली नाही, थांबलीच नाही. आतल्या कानात आवाज पकडणाऱ्या ज्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. डॉक्टरांनी हे सांगितलं, त्या आठवड्यात त्याने बास माळ्यावर टाकला आणि लाइव्ह ऐकायला जाणंही सोडलं.

२२ जुलै २०२५ रोजी ब्लॅक सॅबथ या बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला. त्या रात्री उशिरा अण्णाचा फोन आला. बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, "सोळाव्या वर्षापासून आपण हे ऐकतोय, आणि हे जिथून आलं ती गावं अजून बघितली नाहीत. जाऊ या." मी विचारलं, "आणि कान?" "कान घेऊनच जाऊ."

ऑक्टोबरात ब्रिटनला गेलो. सोमवार ते शनिवार, पाच शहरं, सगळा प्रवास रेल्वेने, रोज रात्री एक कार्यक्रम. शेवटची रात्र सोडली तर मोठे हॉल नकोत, साडेतीनशेच्या आतलेच, हा त्याचा आग्रह. माझी अट एकच होती: कान बिघडतोय असं वाटलं की त्याने त्या क्षणी बाहेर पडायचं, आणि मी काही न विचारता मागोमाग यायचं.

पहिला दिवस : लंडन

यूस्टन स्टेशनाजवळ एक स्वस्त खोली घेतली, पिशव्या टाकल्या आणि चालत डेन्मार्क स्ट्रीटला गेलो. गल्ली दोन मिनिटांत संपते, पण एकेकाळी गाणी छापणारे, विकणारे, रेकॉर्ड करणारे सगळे इथे होते. चार नंबरच्या घरात रीजंट साउंड्स नावाचा स्टुडिओ होता. रोलिंग स्टोन्सचा १९६४ सालचा पहिला अल्बम तिथला. आता त्याच जागी गिटारचं दुकान आहे. भिंतीवर बास टांगलेले होते. अण्णाने एकाच्या जाड तारेवर अंगठा ठेवला, दाबला आणि न वाजवता उचलला. दुकानदाराने विचारलं, काढून देऊ का? नको म्हणाला.

संध्याकाळी हंड्रेड क्लब. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर शंभर नंबरचा दरवाजा, आजूबाजूला कपड्यांची झगमगती दुकानं, आणि दरवाजातून आत गेलं की जिना थेट तळघरात. १९४२ पासून इथे गाणं-वाजवणं चालू आहे, आधी जॅझ, मग ब्लूज, मग रॉक. सप्टेंबर १९७६ मध्ये इथेच दोन रात्रींचा पंक महोत्सव झाला होता, सेक्स पिस्टल्स आणि द क्लॅश पहिल्या रात्री, द डॅम्ड दुसऱ्या. या सगळ्यापेक्षा मला भावली ती खोलीची रचना. स्टेज लांबट खोलीच्या टोकाला नाही, लांब बाजूच्या मधोमध आहे. त्यामुळे लोक रुंद पसरतात आणि कोणीच फार मागे राहत नाही. मध्ये खांब आहेत, ते आडवे येतात. मग सगळे माना वाकड्या करून बघतात, आणि गायकही मान वाकडी करून त्यांच्याकडे बघतो.

त्या आठवड्यात ऐकलेल्या बँडची नावं मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिली तर वाचणारा लगेच फोनवर शोधेल, आणि मला जे सांगायचंय ते फोनमधून येत नाही.

साडेसातला दार उघडलं, आठला सपोर्ट बँड, म्हणजे मुख्य बँडच्या आधी वाजवणारा. समोर जेमतेम चाळीस माणसं. तिघं होते, विशी-बाविशीचे, आणि चाळीस माणसांसाठी चार हजारांसारखे वाजवत होते. मी पहिल्या रांगेत होतो. गिटारवाल्याची तार तुटली तेव्हा तिचं टोक स्पॉटलाइटमध्ये चमकलेलं मला दिसलं. त्याने उरलेल्या पाच तारांवर गाणं पुरं केलं, बोटं कुठे सरकवली तेही दिसलं. याच्यासाठी मी आयुष्यभर अशा खोल्यांमधून उभा राहीन.

अण्णा मात्र मागे होता, मिक्सिंग डेस्कला चिकटून. त्याचं कारण साधं आहे. साउंड इंजिनिअर डेस्कपाशी उभा राहून स्वतःच्या कानाला बरोबर वाटेपर्यंत आवाज जुळवतो, म्हणून खोलीतली सगळ्यात नीट ऐकू येणारी जागा तीच. स्टेजपुढे ऐकू येतो तो बराचसा अ‍ॅम्पचा आणि ड्रमचा थेट आवाज, गाणाऱ्याचे शब्द त्यात बुडतात. अण्णाच्या कानात साच्यातून काढलेले सिलिकॉनचे इअरप्लग होते, आत छोटा फिल्टर असलेले. फोमचे स्वस्त इअरप्लग उंच सूर जास्त खातात आणि गाणं गोधडीखाली गेल्यासारखं होतं. फिल्टरवाले सगळेच सूर जवळपास सारखे खाली आणतात. फोनवर त्याने डेसिबल मोजायचं अ‍ॅप उघडलं होतं. काटा शंभरच्या आसपास. त्याने हे गणित मला दहा वेळा समजावलंय: ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, शंभरला उरतात पंधरा मिनिटं. कार्यक्रम तीन तासांचा. दुसऱ्या बँडच्या आधी मीही खिशातले प्लग घातले. त्याने लांबून पाहिलं आणि मान हलवली.

रात्री टॉटनहॅम कोर्ट रोडवरून चालत परतताना आम्ही एकमेकांना कार्यक्रम सांगत होतो. मी काय पाहिलं ते, त्याने काय ऐकलं ते. तुटलेली तार त्याला माहीतच नव्हती. दुसऱ्या बँडच्या ड्रमरने तिसऱ्या गाण्यात लय हळूच ओढून धरली होती, ते मला कळलं नव्हतं. दोघांचं मिळून एक गाणं पूर्ण होत होतं.

दुसरा दिवस : बर्मिंगहॅम

सकाळी डोळे उघडल्या उघडल्या मी विचारलं, "कान?"

"वाजतोय. नेहमीइतकाच."

यूस्टनहून बर्मिंगहॅमला गाडीने दीड तासही लागत नाही. न्यू स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडलो ते थेट ब्रॉड स्ट्रीटवरच्या कालव्याच्या पुलावर. त्या पुलाला ब्लॅक सॅबथचं नाव दिलंय आणि २०१९ पासून तिथे एक लोखंडी बाक आहे, पाठीवर चौघांचे चेहरे असलेला. ३० जुलैला ऑझीची अंत्ययात्रा इथेच थांबली होती. आम्ही गेलो तेव्हा बाकाच्या पायाशी कोणीतरी ठेवलेलं एक सुकलेलं फूल आणि पावसात शाई पसरलेली चिठ्ठी होती. अण्णा सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या चेहऱ्याशेजारी बसला आणि तासभर उठला नाही.

आयोमीची गोष्ट आमच्या हॉस्टेलमध्ये पुराणकथेसारखी सांगितली जायची, पण या शहरात बसून ती ऐकताना तिचं वजन वेगळं लागतं. सतरा वर्षांचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. कामाचा शेवटचा दिवस होता, दुसऱ्या दिवसापासून बँडबरोबर दौऱ्यावर जायचं होतं. त्या दिवशी प्रेसखाली उजवा हात सापडला आणि मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे उजव्या हातानेच तारा दाबायच्या. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. आगीत हात भाजल्यावर फक्त दोन बोटांनी सुरावटी वाजवणारा तो गिटारवादक. आयोमीने मग भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. गिटारच्या तारा दाबवत नव्हत्या म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. १३ फेब्रुवारी १९७० रोजी ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला. पुढे तारा सैल सोडल्या, सूर खाली गेला, जड झाला. ज्याला आपण हेवी मेटल म्हणतो त्याचा आवाज असा एका जखमी हाताने, हाताला झेपेल तसं करत करत घडवला.

"मला हे सगळं पाठ होतं," अण्णा म्हणाला. "पण त्याने वाजवणं सोडलं नाही, हे मी कधी नीट ऐकलंच नव्हतं."

मी काही बोललो नाही. कालव्यातून एक लांबोडकी होडी हळूहळू पुलाखाली गेली.

रात्रीचा कार्यक्रम डिगबेथमध्ये. जुने कारखाने, विटांचे रेल्वे पूल, आणि कमानींच्या आसपास पब आणि छोटे हॉल. तिकीट बारा पौंड. खोली इतकी बुटकी की उंच माणसाचा हात छताला लागावा. चौघांचा बँड, सगळ्या तारा कमालीच्या सैल, प्रत्येक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, ओलं पोतं आदळावं तसा. पहिल्या गाण्यातच माझ्या शर्टाचं कापड थरथरू लागलं. इथे डेस्क म्हणजे कोपऱ्यातलं एक टेबल होतं आणि अण्णाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागलं. तिसरं गाणं सुरू असताना माझ्या खांद्यावर हात पडला. ठरल्याप्रमाणे मी काही विचारलं नाही. दोघे बाहेर आलो.

समोर रेल्वेची कमान होती, तिच्याखाली उभे राहिलो. पाऊस भुरभुरत होता. मला वाटलं, आता खोलीवर जाऊ. अण्णाने प्लग काढून डबीत ठेवले आणि म्हणाला, "थांब. ऐक."

भिंतीतून बँड ऐकू येत होता, आणि ऐकू येत होता तो फक्त बास. उंच सूर भिंतीत अडतात, खालचे आरपार येतात, शेजारच्या घरात लग्न असलं की आपल्या खिडकीत फक्त धपधप येते ती याच कारणाने. गिटार गेली, झांजा गेल्या, शब्द गेले. उरला त्या पोराचा बास आणि किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. आत हजार आवाजांत लपलेला तो माणूस बाहेर एकटा, उघडा वाजत होता. "बघ, गिटारच्या मागे-मागे जात नाहीये तो," अण्णा सांगू लागला. "ओळीच्या शेवटी एक सूर आधीच खाली उतरतो आणि गिटारची वाट बघत थांबतो. आत्ता. आत्ता पुन्हा. ऐकलंस?" पाचव्या-सहाव्या खेपेला मलाही ऐकू आलं. तासभर उभे होतो. वरून एक मालगाडी गेली तेव्हा सगळी कमान त्याच सुरात हलली. अकरा वाजता लोक बाहेर पडले, घामाने भिजलेले. अण्णा त्यांच्यातून वाट काढत आत गेला आणि सामान गुंडाळणाऱ्या बासवाल्याला ती उतरण आवडल्याचं सांगून आला. त्या मुलाला वाटलं असेल, हा माणूस पहिल्या रांगेत होता.

तिसरा दिवस : मँचेस्टर

"कान?"

"थोडा जास्त आहे आज."

गाडीत फारसं बोललो नाही. दीड तासात मँचेस्टर. दुपारी पीटर स्ट्रीटवर फ्री ट्रेड हॉलसमोर गेलो. आता ते हॉटेल आहे, दर्शनी दगडी कमानी तेवढ्या जुन्या. १९६६ च्या मे महिन्यात याच हॉलमध्ये बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार घेतल्यावर प्रेक्षकांतून कोणीतरी "जुडास", म्हणजे विश्वासघातकी, म्हणून ओरडलं होतं. पण आम्ही आलो होतो ते वरच्या छोट्या हॉलसाठी. ४ जून १९७६ रोजी तिथे सेक्स पिस्टल्स वाजवायला आले. आणलं होतं हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन स्थानिक पोरांनी, बझकॉक्स बँड ज्यांचा. प्रेक्षक मूठभर. त्यात बर्नार्ड समनर आणि पीटर हुक होते, पुढे जॉय डिव्हिजन आणि न्यू ऑर्डरमध्ये गेलेले. हुकने आयुष्यात कधी वाद्य हातात घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन त्याने बास विकत घेतला.

अण्णाला हुक देवासारखा. त्याचा बास वरच्या पट्टीत, गाण्याच्या ओळीसारखा चालतो, आणि त्याचं कारण त्याने स्वतःच सांगितलंय: समनरच्या गिटारपुढे स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही, उंच वाजवलं तरच यायचा. बर्मिंगहॅममध्ये बोटं, इथे कान. आम्ही फुटपाथवर उभे राहून हेच बोलत होतो.

रात्रीला गेलो नाही. तिकिटं खिशात होती, नॉर्दर्न क्वार्टरमधला पब खोलीपासून दहा मिनिटांवर, पण संध्याकाळपर्यंत शिट्टी उतरली नव्हती. खोलीत शांतता होती आणि असा कान असलेल्याला शांतता सगळ्यात वाईट; दुसरं काही ऐकायला नसलं की शिट्टीच सगळी खोली व्यापते. अण्णा घरी पंखा लावून झोपतो, थंडीतही. इथे पंखा नव्हता. फोनवर पावसाचा आवाज बारीक लावून ठेवला, बाहेर खराच पाऊस पडत असताना. अंधारात तो म्हणाला, "तू जाऊन ये." मी म्हटलं, "झोप." मला त्या रात्री कार्यक्रम चुकल्याचं दुःख झालं नाही, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण त्याला ते अजून खरं वाटत नाही.

चौथा दिवस : लिव्हरपूल

"नेहमीइतकाच," मी विचारायच्या आत तो म्हणाला, आणि आंघोळीला गेला.

मँचेस्टर ते लिव्हरपूल हा लोहमार्ग १८३० चा, दोन शहरांमध्ये वाफेच्या इंजिनाने प्रवासी नेणारा जगातला पहिला. तासाभरात लाइम स्ट्रीट स्टेशन.

मॅथ्यू स्ट्रीटवर दुपारी गर्दी होती. मूळ कॅव्हर्न क्लब १६ जानेवारी १९५७ ला जॅझसाठी उघडला, फळांच्या जुन्या गोदामाच्या तळघरात. बीटल्स इथे २९२ वेळा वाजले, शेवटचं ऑगस्ट १९६३ मध्ये. १९७३ मध्ये भुयारी रेल्वेच्या हवा-झरोक्यासाठी क्लब पाडला, आणि तो झरोका काही बांधलाच नाही. १९८४ मध्ये जुन्याच विटा वापरून, बहुतांशी जुन्याच जागेवर तो पुन्हा उभा राहिला. आपण पाहतो ती मूळ खोली नाही, हे माहीत असूनही जिना उतरताना माझ्या अंगावर काटा आला. कमानी इतक्या जवळ की त्यांच्याखाली वाजवलेलं काहीही पुढच्या माणसाच्या छातीवर आदळणार. मला ओढ होती ती इथल्या दुपारच्या कार्यक्रमांची. ऑफिसातली मुलं-मुली जेवणाच्या सुट्टीत येऊन, उभ्याने खाऊन, दोन-चार गाणी ऐकून परत कामावर जायची. ९ नोव्हेंबर १९६१ ला अशाच एका दुपारी ब्रायन एपस्टाइन पायऱ्या उतरून आला होता, बीटल्स कोण ते बघायला; पुढे तोच त्यांचा मॅनेजर झाला. आम्ही गेलो तेव्हा एक गिटारवाला जुनी गाणी म्हणत होता आणि साठीच्या चार बायका पहिल्या रांगेत प्रत्येक शब्द त्याच्याबरोबर म्हणत होत्या. अण्णा प्लग न घालता ऐकत बसला. काटा ऐंशीवर होता.

रात्री दीडशे माणसांच्या एका खोलीत गेलो. दारावर तिकिटं बघणाऱ्या बाईंशी आत जाण्याआधी बोललो. अशा जागा कशा चालतात हे मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, बारवर. तिकिटाचे पैसे बँड, इंजिनिअर आणि विजेत जातात, आणि हल्ली पोरं पीत नाहीत, ते चांगलंच आहे, पण भाडं वाढतंच. छोट्या जागांसाठी झगडणारी म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट नावाची संस्था २०१४ पासून काम करते. तिच्या नोंदीनुसार एकट्या २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या १२५ छोट्या जागांमधलं लाइव्ह संगीत थांबलं. मोठ्या स्टेडियम-हॉलच्या प्रत्येक तिकिटातला एक पौंड छोट्या खोल्यांकडे वळवावा, ही त्यांची मागणी आहे. मला ती पूर्ण पटते. कॅव्हर्न नसता तर स्टेडियम भरायला कोण आलं असतं?

त्या रात्रीचा बँड चौघींचा आणि एका मुलाचा. मुलगा बासवर. कार्यक्रम संपल्यावर टी-शर्ट आणि रेकॉर्ड विकायच्या टेबलाशी अण्णाने त्याला गाठलं. बोलता बोलता मुलाने कानातून काहीतरी काढलं. तेच. साच्यातले सिलिकॉनचे, फिल्टरवाले. आमच्यात सगळेच घालतात, तो म्हणाला, ड्रमरने पहिल्या तालमीलाच सांगितलं होतं, याशिवाय वाजवायचं नाही. अण्णाने स्वतःचे काढून दाखवले. दोघांनी तळहातावर ठेवून शेजारी शेजारी धरले, चार रंगीत बिया. मुलाने विचारलं, तुम्हीही वाजवता? अण्णा म्हणाला, "वाजवायचो." मग थोडं थांबून, "बास."

बाहेर आल्यावर तो मर्सी नदीपर्यंत भराभर चालत गेला. मी मागे राहिलो. वीस वर्षांपूर्वी आमच्या ड्रमरने पहिल्या तालमीला हे सांगितलं असतं तर, हा विचार दोघांच्याही डोक्यात होता. आमचा ड्रमर मी होतो.

पाचवा दिवस : ग्लासगो

प्रेस्टनला गाडी बदलली. पुढे कंब्रियाच्या टेकड्या, मेंढ्या, काळ्या दगडांची कुंपणं, आणि मग स्कॉटलंड. खिडकीशी बसून मी एकदाचं म्हटलं, "ती झांज माझी होती, अण्णा."

"मला माहितेय कोणाची होती. मी तिथे उभा होतो." त्याने अर्धं सँडविच पुढे केलं. "तुझे कान तपासलेस कधी?"

नव्हते तपासले. परत आल्यावर तपासले, उजव्याने वरचे सूर थोडे सोडलेत.

सेंट व्हिन्सेंट स्ट्रीटवरचं किंग टट्स वाह वाह हट १९९० साली सुरू झालं. तीनशे माणसांची जागा. वर जाणाऱ्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक साल, आणि त्या वर्षी वाजवून गेलेल्या बँडची नावं रंगवलेली. आम्ही पायऱ्या वाचत वाचत वर गेलो, मागून येणारे थांबून वाट देत होते. ३१ मे १९९३ ला ओअ‍ॅसिस नावाचा पुढे जगभर गाजलेला, पण तेव्हा कोणाला माहीत नसलेला बँड मँचेस्टरहून इथे आला, आणि क्रिएशन रेकॉर्ड्सचा अ‍ॅलन मॅगी त्या रात्री योगायोगाने खोलीत होता. त्याने तिथेच करार देऊ केला.

कार्यक्रम उत्तम होता, खोली त्याहून उत्तम. आवाज इतका स्वच्छ की शंभरच्या खाली राहूनही पोट भरत होतं. चांगल्या इंजिनिअरला मोठा आवाज लागत नाही. अण्णा शेवटच्या तीन गाण्यांना डेस्क सोडून पाच-सहा पावलं पुढे आला. मी मागे वळून पाहिलं नाही, पण मला कळलं.

सहावा दिवस : ग्लासगो, बॅरोलँड

शनिवार, म्हणून गॅलोगेटवर बॅराज बाजार भरलेला. जुन्या रेकॉर्ड, चादरी, हत्यारं, भांडी. बॅरोलँड बॉलरूम याच बाजाराच्या मालकिणीने, मॅगी मॅकआयव्हरने, १९३४ मध्ये बांधला. १९५८ मध्ये जळाला, १९६० मध्ये पुन्हा उभा राहिला. नाचासाठी बांधलेला, म्हणून लाकडी जमीन स्प्रिंगसारखी खालीवर होणारी. नाचाचे दिवस गेल्यावर पडून होता, १९८३ मध्ये सिंपल माइंड्सने इथे एका गाण्याचं चित्रीकरण केलं आणि जागा रॉकसाठी जिवंत झाली. अंधार पडला तशी दर्शनी भिंतीवरची निऑनची पाटी पेटली, लाल, पिवळी, निळी, ताऱ्यांसकट. रस्त्यापलीकडे उभं राहून आम्ही ती बघत होतो. रांगेतले लोकही बघत होते, ग्लासगोचेच, ज्यांनी ती शंभर वेळा पाहिली असेल.

आत सुमारे दोन हजार माणसं. बँड याच शहरातला, जुना, घरचा. पहिल्या गाण्याच्या पहिल्या ठोक्याला सगळी गर्दी एकदम उडाली, आणि जमीन खाली जाऊन वर आली. मी उडी मारली नव्हती. मला जमिनीने उचललं. पुढे दीड तास स्थिर उभं राहणं शक्यच नव्हतं. दोन हजार माणसांचं वजन लाकडातून एकमेकांच्या पायात जात होतं, आणि बासचा प्रत्येक सूर त्याच लाकडातून तळव्यांत शिरत होता.

चौथ्या गाण्याला डावीकडे पाहिलं तर अण्णा शेजारी. प्लग घट्ट बसवलेले. डावा कान स्टेजकडून वळवून, तोंड माझ्याकडे, डोळे मिटलेले. बोलणं शक्य नव्हतं. त्याने बोट खाली केलं, जमिनीकडे, आणि मग स्वतःच्या पायाकडे. मीही डोळे मिटले. खरंच, कानांची गरज कमी लागत होती. बास गुडघ्यांपर्यंत येत होता, किक ड्रम मणक्यात. त्याचा उजवा हात मांडीवर चालत होता, पहिलं आणि दुसरं बोट आळीपाळीने, जशी हॉस्टेलच्या खाटेवर बसून चालायची. एके ठिकाणी ती बोटं बँडच्या बासवाल्याच्या आधी एका सुराने खाली उतरली आणि वाट बघत थांबली. बर्मिंगहॅमच्या पोराची उतरण.

तो शेवटपर्यंत तिथेच होता. मी तीनदा खुणेने विचारलं, तीनदा त्याने मान हलवून नाही म्हटलं. दिवे लागले तेव्हा जमिनीवर चेपलेले ग्लास, कोणाचा तरी एक बूट, आणि दोन हजार माणसं घाम पुसत, कोणालाच घाई नसल्यासारखी जिन्याकडे सरकत होती. खोलीपर्यंत पायी गेलो. काय पाहिलं, काय ऐकलं, हे त्या रात्री एकमेकांना सांगायची वेळ आली नाही.

सकाळी सहाला जाग आली. खिडकीबाहेर अजून अंधार. अण्णा जागा होता, उताणा, छताकडे बघत. रात्री पावसाचा आवाज लावायचा राहून गेला होता. खोली अगदी शांत.

"कान?"

बराच वेळ तो ऐकत राहिला. खाली रस्त्यावरून दिवसाची पहिली बस गेली.

"वाजतोय," तो म्हणाला. "नेहमीइतकाच."

मग उठून बसला आणि मोजे शोधू लागला.